नथ्थूजी ग्रेडर आणि मॉर्फिनची गोळी

आमच्या संघटनेचं पत्रक छापून आलं की पहिली प्रत मी नथ्थूजींच्या हातात द्यायची. कौतुक ऐकायला नाही. कौतुक त्या माणसाच्या तोंडून निघायचंच नाही. ते पत्रक दोन बोटांत धरायचे, उजेडाकडे करून बघायचे आणि मधलाच एखादा परिच्छेद वाचायचे. सुरुवात कधी वाचली नाही, शेवट कधी वाचला नाही.

"वरचं सारेच चांगलं लावतात पोरी. मधात काय भरलं ते पाह्यचं."

मग निकाल यायचा. "पत्ती लय हाये. 'जाहीर निषेध' तीनदा लिहेल हाये. एकदा केला त समजत नाई काय सरकारले?"

"नाहीच समजत काकाजी, म्हणून तर तीनदा."

"मंग दहादा लिही. कागद तुहाच हाये."

पत्ती म्हणजे कापसात येणारा वाळक्या पानांचा कचरा. नथ्थूजी वाळके कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस बघून त्याचा दर्जा ठरवणारा माणूस. भाव वरून ठरून यायचा, पण कोणत्या गाडीला कोणता भाव, हे कळंबच्या यार्डात नथ्थूजींच्या हातावर होतं. हातावर म्हणजे खरोखरच हातावर. उजवा हात कोपरापर्यंत गाडीत जायचा, तळाचा मूठभर कापूस ओढून बाहेर यायचा. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून, पुन्हा जुळवून, पुन्हा ओढून, काळ्या कापडाच्या तुकड्यावर आडवा ठेवायचा. हे सगळं होईपर्यंत तोंड बंद. त्यांचा नियमच होता, हात कोपरापर्यंत गेल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी आयुष्यात इतके पुढारी, अधिकारी, संपादक पाहिले. हा नियम पाळणारा दुसरा कोणी पाहिला नाही.

एकदा यार्डात मी आमची पत्रकं वाटत होते. एका पुढाऱ्याच्या भाच्याची ट्रॉली आली. वर नुसता पांढराशुभ्र माल.

"ग्रेडरसाहेब, पाहा न, चांदीसारखा हाये."

"चांदी पाह्यची असती त सोनाराच्या दुकानात बसलो असतो."

हात आत गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत पिवळट, ओलसर गोळा. नथ्थूजींनी त्यातली एक सरकी काढली आणि दाताखाली धरली. वाळलेली सरकी टचकन फुटते, ओली नुसतीच चेपते. आवाज आला नाही. त्यांनी सरकी थुंकली.

"पानी मारलं."

"दव असन जी."

"दव वरून पडते. तुह्या ट्रॉलीत खालून पडलं काय?"

सगळं यार्ड हसलं. भाचा लाल झाला. "तुमची बदली करतो, पाहा!"

"कर न बापा. जाईन तिथी कापूसच हाये."

बदली झाली नाही. पण त्या भाच्याच्या घरी नथ्थूजी जन्मात पाणी प्यायले नसते, त्यांना कोणी दिलंही नसतं. आमची गल्ली विहाराच्या मागची. "यायच्या गाडीत माहा हात कोपरापर्यंत चालते," नथ्थूजी हसत सांगायचे, "यायच्या माठात बोट चालत नाई." हसत सांगायचे हे मला चालत नसे. मी चिडले की ते आणखी हसायचे.

त्या माणसाला ग्रेड द्यायची खोडच होती. चहाला ग्रेड, भाषणाला ग्रेड, नव्या जावयाला ग्रेड. दोन मुली होत्या, दोघी सासरी. धाकटीच्या वेळी मुलगा बघायला गेले आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "धागा आखूड हाये, पन मजबूत हाये. देऊन टाका." जावई खरंच ठेंगणा होता. या ग्रेडरला ग्रेड देणारं गावात एकच माणूस होतं, त्यांची बायको, वच्छलाकाकू. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून. नथ्थूजींनी भाजीत मीठ कमी म्हटलं की त्या अंगणात येऊन गल्लीला सांगायच्या, "सरकी चावू चावू यायची जीभ गेली माय! आता मिठाची पोती रिकामी करू काय?"

मग ती वर्षं आली. खरेदी केंद्रं उशिरा उघडू लागली, लवकर बंद होऊ लागली. व्यापारी गावात काटा घेऊन यायचा आणि सगळा माल एकाच भावानं उचलायचा. सरसकट. हा शब्द नथ्थूजींना शिवीसारखा लागायचा. चांगलं आणि वाईट एकाच पोत्यात भरणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच. केंद्रावरचं काम संपलं आणि ते घरच्या ओट्यावर येऊन बसले.

पण लोक विचारायला यायचे. त्याच काळात खुल्या बियाण्याची पाकिटं आली होती. साधी, कंपनीचं नाव नसलेली, वर नुसतं वाणाचं नाव लिहिलेली, स्वस्त. आणणारा सांगायचा, आतलं बियाणं कंपनीचंच आहे, पाकिटाचा खर्च वाचला म्हणून भाव कमी. लोक पाकीट घेऊन नथ्थूजींकडे आले. नथ्थूजींनी सरकी तळहातावर घेतली, बोटांनी चोळली, दाताखाली फोडली.

"वाळेल हाये, भरेल हाये. पाकिटाले काय करता? पेरा."

लोकांनी पेरलं. झाडं छातीला लागली, हिरवीगार. बोंडं धरेनात. जी धरली ती अळीनं नेली. सरकी वाळलेली आहे की ओली, हे दाताला कळतं. तिच्या पोटात कोणतं वाण आहे, हे जगातल्या कोणत्याच दाताला कळत नाही. नथ्थूजी ज्यांना ज्यांना 'पेरा' म्हणाले होते, त्या प्रत्येकाच्या शेताच्या धुऱ्यावर गेले. "शिव्या घ्यायले आलो," म्हणायचे आणि मान खाली घालून उभे राहायचे. लोकांनी दिल्याही. एका म्हातारीनं मात्र दिल्या नाहीत. ती म्हणाली, "शिव्यांनं काय बोंडं लागतीन, नथ्थूजी? पानी प्या अन् घरी जा." काकू सांगायच्या की बाकीच्यांच्या शिव्या त्यांनी पचवल्या, ते पाणी मात्र पचलं नाही.

मी तेव्हा 'बोगस बियाणे विकणाऱ्यांना फाशी द्या' असं पत्रक काढलं. विकणारा मोकळा फिरला. शिक्षा भोगली ती नथ्थूजींनी, स्वतःच स्वतःला देऊन. त्या हंगामानंतर त्यांनी स्वस्त वस्तूला हात लावणं सोडलं. चहा नावाच्या कंपनीचा, साबण नावाच्या कंपनीचा, आगपेटीसुद्धा छाप बघून. एक वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. "सस्तं म्हंजे कोनीतरी आतून काढून घेतलं."

हे वाक्य नीट ध्यानात घ्या. आमच्या जिल्ह्यात हे वाक्य एकट्या नथ्थूजींचं नव्हतं. ज्या मुलखाला साध्या पाकिटानं बुडवलं, त्या मुलखात जाऊन मी 'साध्या नावाची औषधं घ्या' असं सांगत फिरत होते.

कारण आमचं त्या वर्षीचं पत्रक औषधांचं होतं. सोपी गोष्ट आहे. प्रत्येक औषधाला त्याचं स्वतःचं एक नाव असतं. कंपन्या त्याच्यावर आपलं नाव चढवतात, जाहिरात करतात, डॉक्टरांच्या दारी माणसं पाठवतात, आणि तो सगळा खर्च आजाऱ्याकडून वसूल करतात. तेच औषध, तेवढंच, दुसऱ्या कंपनीनं आपलं वेगळं नाव न चढवता विकलं की त्याला जेनेरिक म्हणतात. ते स्वस्त पडतं, कारण आत औषध कमी नसतं. वरचा थाट कमी असतो. नथ्थूजींनी पत्रक मधूनच वाचलं आणि परत दिलं. ग्रेड दिली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माणूस गप्प झाला म्हणजे पटलं नाही.

वच्छलाकाकूंना गर्भपिशवीचा कॅन्सर होता. कळला तेव्हा उशीर झालेला. रेडिएशनचा शेक घेऊन झाला, काय काय करून झालं, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तोवर तो पाठीच्या हाडात उतरला होता. कॅन्सरची कळ मी त्याआधी फक्त वाचली होती. काकू खाटेची दोरी दातात धरायच्या. गल्लीला ऐकू जाणारा तो आवाज आधी बारीक झाला, मग नुसता घुमू लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉलच्या कॅप्सूल दिल्या. काही दिवस त्यांनी कळ धरून ठेवली, मग सुटली.

शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी काकूंना फार काही विचारलं नाही. खाटेची दोरी चावून फाटलेले ओठ बघितले आणि मॉर्फिन लिहून दिलं.

"ही अफूपासून होते," मॅडमनी नथ्थूजींना समोर बसवून सांगितलं. "घाबरू नका. दुखणं जबर जातीचं आहे, त्याला औषधही तशाच जातीचं लागतं. सांगितली तेवढीच द्यायची, सांगितल्या वेळी द्यायची. कमी नाही, जास्त नाही."

पहिल्या दिवशी दुपारी काकू उठून बसल्या, स्वतःच्या हातानं वेणी घातली आणि नथ्थूजींना म्हणाल्या, "कांदा काहून जाळला? घरभर धूर करून ठेवला. सरका तिकडं." नथ्थूजी ओट्यावर येऊन बसले. डोळे पुसत होते की धुरानं चोळत होते, मी विचारलं नाही. तोंडानं एकच शब्द निघाला. "सुपर." त्यांच्या ग्रेडांमधली सगळ्यात वरची.

गोळ्या संपत आल्या तेव्हा ते एकटेच नागपूरला जाऊन नव्या घेऊन आले. या वेळी पाकीट वेगळं होतं. आधीच्या कंपनीचा माल हॉस्पिटलात नव्हता, म्हणून जेनेरिक दिलं होतं. गोळी पहिली पांढरी होती, ही निळसर. आणि भाव निम्म्याहून कमी. मी पोचले तेव्हा ओट्यावर कागद पसरला होता आणि दोन गोळ्या शेजारीशेजारी मांडल्या होत्या. नथ्थूजींनी नव्या गोळीवर नख ओढलं. मग ती दाताखाली धरली.

"फुटली नाई. भुगा झाला."

"काकाजी, ती काय सरकी आहे?"

"पह्यली टनक होती. ही भुसभुशीत हाये. अन् सस्ती. आतून काढलं कोनीतरी."

मी पाकीट त्यांच्यासमोर धरलं. "इथं बघा. मॉर्फिन. इथं आकडा बघा. पहिल्यावर होता तोच आहे. ती लवकर लागू होणारी होती, हीपण तीच. नाव, आकडा आणि जात एक असली की औषध एक. रंग म्हणजे कंपनीची हौस. भुगा होतो तो खडूचा, औषधाचा नाही."

"हे लिहेल हाये."

"मग?"

"बियान्याच्या पाकिटावरबी लिहेल होतं."

मी भांडले. डॉक्टर मॅडमनी स्वतः दिलंय, हॉस्पिटलच्या कपाटातून दिलंय, रस्त्यावरच्या एजंटनं नाही, असं सांगितलं. बनावट औषधं निघतात हेही कबूल केलं, कारण ते खोटं नाही. पण बनावट करणारा महाग नावाचीच नक्कल आधी करतो, हेही सांगितलं. नथ्थूजींनी गोळ्या उचलून डब्यात ठेवल्या. त्या संध्याकाळी काकूंना निळी एक गोळी दिली. काकू झोपल्या. सकाळी त्या म्हणाल्या, "तशीच हाये. काई फरक नाई."

नथ्थूजींना वाटलं, बाई आपलं मन राखते. ट्रॉलीतल्या मालाचा वरचा पांढरा थर.

आणि मग त्या माणसानं आयुष्यभराचं शहाणपण वापरलं. हलक्या कापसातून रुई कमी निघते. चांगल्या मालाच्या गाठीएवढी गाठ बांधायची तर हलका माल जास्त टाकावा लागतो. हा हिशेब यार्डातल्या कोणत्याही हमालाला येतो. गोळी हलकी आहे, तर दोन टाका. त्यांनी एकीच्या जागी दोन द्यायला सुरुवात केली. कोणाला विचारलं नाही. काकूंनाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. नथ्थूजी खाटेपाशी बसून पंख्यानं वारा घालत होते. चेहरा उजळलेला.

"पाह्य, कशी झोपली. किती महिन्यानं अशी झोपली."

मी बघितलं. एक श्वास आला. मी दुसऱ्याची वाट बघत राहिले. तो फार उशिरानं आला. हाका मारल्या, गाल थोपटले, पापणी उचलली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीएवढा झालेला.

"काकाजी, किती दिल्या?"

त्यांनी दोन बोटं वर केली. अजूनही त्यांना कळलं नव्हतं की मी का ओरडतेय.

ऑटोत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. ऑक्सिजन लावला, बसवून ठेवलं, सतत हलवत राहिलो. तिथला डॉक्टर पाकीट बघून भडकला. "अफू आहे ही! घरात ठेवता? पोलिसात देऊ काय?" अंधार पडायच्या आत काकूंनी डोळे उघडले आणि विचारलं, "चहा ठेवला काय कोनी?" मला रडू आलं. डॉक्टर मात्र अजून बोलतच होता. "पुन्हा देऊ नका. एकही नाही. सवय लागते याची."

सवय! जिला पुढचा पोळा दिसणार नव्हता, त्या बाईला सवय लागेल म्हणून हा माणूस घाबरला होता. मी त्याला विचारलं, किती वर्षांची सवय लागेल, सांगा. तो म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा."

या डॉक्टरलाही मॉर्फिन कधी कोणी शिकवलं नव्हतं. त्याला एवढंच शिकवलं होतं की ते वाईट. त्यानं सांगायला हवं होतं की औषध बरोबर आहे, माप चुकलं. माप दुरुस्त करा. हे एक वाक्य. ते कोणी बोललं नाही. मी बोलले, पण मी कोण? पत्रकवाली.

घरी आल्याबरोबर नथ्थूजींनी डबा उचलला आणि सगळ्या गोळ्या चुलीत टाकल्या. मी अंगणात पाय ठेवला तेव्हा पाकिटाची चंदेरी पट्टी विस्तवावर वळत होती.

"काकाजी! एक द्यायची होती. फक्त एक!"

"मी तिले मारून राह्यलो होतो पोरी," ते म्हणाले. चुलीकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी कळ परत आली. नथ्थूजींनी गावातल्या दुकानातून चांगल्या नावाच्या कंपनीच्या, महागाच्या, डोकेदुखीला देतात तसल्या गोळ्या आणल्या. त्या कुठे पुरणार? गल्लीतल्या बाया कामाला जाताना त्या घरावरून जायचं टाळू लागल्या. शेजारच्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. मी त्यांना दोष देत नाही. तो आवाज ऐकत भाकर खाता येत नाही.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी मी बसले असताना काकूंनी नथ्थूजींना जवळ बोलावलं. श्वास घेत घेत, तोडून तोडून बोलल्या. पण आवाज पुन्हा त्यांचा होता.

"आवो, एक सांगा. गाठीवरचा मार्का पाहून तुम्ही कई ग्रेड देल्ली काय?"

नथ्थूजींनी मानेनंच नाही म्हटलं.

"एकाच गंजीचा कापूस. दोन जिनिंगमधी गेला. एकीनं हत्ती छापला, एकीनं कमळ. रुई बदलते काय?"

"नाई."

"मंग गोळीचा मार्का काहून पाह्यला? निळी देल्ली त्या सांजी झोपली का नाई मी? तशीच हाये म्हनलं का नाई? तुम्हाले वाटलं, बाई मन राखून राह्यली. दुखनं कोनाच्या अंगात हाये?"

"तुह्या."

"मंग हात माहा आत हाये, तुमचा नाई. याची ग्रेड मी देईन. आना तेच. अन् एकच द्या."

नथ्थूजी उठले. तोंड धुतलं, धुतलेला पांढरा शर्ट घातला. "चाल पोरी, नागपूरले."

बसमध्ये ते माझ्याशी फक्त एकदा बोलले. "तिले ठाव होतं. मी विचारलंच नाई." बाकी रस्ताभर ते खिडकीबाहेरची शेतं बघत होते. माणूस वळला होता. मला वाटलं, आता तरी. इतकं सगळं झाल्यावर, आता तरी.

हॉस्पिटलातल्या खिडकीवर सांगितलं, मॉर्फिन नाही.

डॉक्टर मॅडम स्वतः बाहेर आल्या. हॉस्पिटलच्या मॉर्फिन ठेवण्याच्या परवान्याची मुदत संपली होती. नूतनीकरणाला कागद गेले होते. कागद कोणत्यातरी टेबलावर होते. परवाना येईपर्यंत एक गोळी मागवता येत नव्हती, आणि बाहेरच्या दुकानात ती मिळत नव्हती, कारण दुकानदार त्या परवान्याच्या भानगडीत पडतच नाहीत. अफूच्या कायद्याला सगळे भितात. नशा करणारा त्या कायद्याला कधी भ्यायल्याचं मी पाहिलं नाही. भितात ते डॉक्टर आणि दुकानदार, आणि मरते वच्छलाकाकू.

"किती दिस लागतीन?" नथ्थूजींनी विचारलं.

"सांगता येत नाही हो."

"मंग तिले काय सांगू?"

मॅडम तरुण होत्या. त्यांचे डोळे भरले. त्यांनी पुन्हा ट्रामाडॉल लिहून दिलं, आणखी एकदोन गोळ्या लिहून दिल्या, फोन करत राहते म्हणाल्या. त्या फोन करतही राहिल्या, हे मला माहीत आहे.

आम्ही कळंबला उतरलो तेव्हा बसथांब्यासमोरची कृषी केंद्रं उघडी होती. फळ्यांवर फवारणीच्या विषाच्या बाटल्या, ओळीनं, रंगीत, लेबलावर कवटीची चित्रं. कोणीही यावं, कितीही न्यावं. आमच्या जिल्ह्यात मरायचं औषध घ्यायला ना चिठ्ठी लागते, ना परवाना. मरताना कळ थांबवायचं औषध मागितलं की माणूस गुन्हेगार. हे वाक्य मी नंतर पत्रकात छापलं. छापून काय झालं? कलेक्टर कचेरीच्या आवारात लोकांनी त्यावर भजी खाल्ली.

नथ्थूजींनी काकूंना खरं सांगितलं. गोळ्या नाहीत, आणि होत्या त्या आपणच जाळल्या.

"जाळल्या त जाळल्या," काकू म्हणाल्या. "आता तरी उठून कोठी जाऊ नका."

ते उठले नाहीत. पुढचे सगळे दिवस खाटेपाशी जमिनीवर बसून होते. काकूंनी दोरी सोडून त्यांचं मनगट धरलं. मनगटावर नखांच्या खुणा उमटल्या, मग त्यांवर नव्या उमटल्या. मुली आल्या, बाहेर बसून रडल्या. एका सकाळी, बाया कापूस वेचायला निघायच्या वेळी, काकूंची बोटं सैल झाली. परवाना आला नव्हता.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, जेवणं झाली. नथ्थूजी कोपऱ्यात बसून होते. मी निघताना त्यांनी मला थांबवलं.

"तुह्या पत्रकात एक कमी हाये. सस्ती गोळी म्हंजे अर्धी गोळी नाई, हे लिही. जितक्या सांगतल्या तितक्याच. ज्यानं ज्यास्त देल्ल्या, त्याचं नावबी लिही."

"नाव कशाला काकाजी?"

"नाव नसन त लोकायले वाटते, असं कोनी करत नसन."

मी ते वाक्य छापलं. नाव छापलं नाही. तेव्हा धीर झाला नाही. आज या लेखात छापते आहे, त्यांनी सांगितलं होतं म्हणून.

पुढे मी कामासाठी यवतमाळला राहायला गेले. कळंबला जाणं कमी झालं. नथ्थूजींना मी शेवटचं पाहिलं ते यवतमाळातच, बसस्टँडजवळच्या औषधांच्या दुकानांच्या रांगेत. कापसाच्या भावाचा मोर्चा संपवून आम्ही परत चाललो होतो, घोषणा देऊन घसा बसला होता. एका दुकानाच्या पायरीवर पांढऱ्या शर्टातली ओळखीची पाठ दिसली. वाकलेली, बारीक झालेली.

"मॉर्फिनच्या गोळ्या हायेत काय?"

काउंटरवरच्या माणसानं त्यांना वरून खालपर्यंत बघितलं. "चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाई. मले नाई पाह्यजे."

"मग कोणाला पाहिजे?"

"आज कोनाले नाई. तुमच्यापाशी राहते का नाई, तेवढं सांगा. कोनत्याबी कंपनीची."

"नाही ठेवत आम्ही. लफडं असतं ते."

"परवाना मांगून पाहा न. मिळते म्हनतात."

"बाबाजी, गिऱ्हाईक आहे मागे. सरका."

नथ्थूजी सरकले. मी हाक मारणार होते, पण घशातून आवाज निघाला नाही. ते कठड्याला धरून पायरी उतरले, मधली नाली ओलांडली आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढले. तिथं दोन गिऱ्हाइकं होती. ते त्यांच्या मागे उभे राहिले, आपली पाळी येईपर्यंत.